नाशिकच्या मातीतली ग्रीक अक्षरे : तांब्या-कांशाचे जुने नाणे कसे ओळखावे

(इंदिरानगर, नाशिक येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटले असेल, की ग्रीक नाणी आणि इंदिरानगर यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार लांबचाही नाही. इथून महामार्गावर यायचे, पाथर्डी फाटा ओलांडायचा, की पांडवलेणी. तिथल्या सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. हे लेणे खोदवणारा माणूस स्वतःची ओळख करून देतो : इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा, आणि योनक. योनक म्हणजे यवन, म्हणजे मुळात ग्रीक. दत्तामित्री हे गावाचे नाव डेमेट्रियस या ग्रीक राजावरून पडले असावे असे मानतात. नाव पूर्ण भारतीय, ओळख यवनाची, आणि दान बौद्ध भिक्षूंना. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी यवन म्हणवणारी माणसे आपल्या त्रिरश्मी डोंगरावर येऊन गेली आहेत. मग त्यांची अक्षरे असलेली नाणी इथे मिळावीत यात नवल नाही.

आज आपण तीन गोष्टी बघू. पहिली, नाशिकला ग्रीक अक्षरांची नाणी खरोखर कुठे आणि किती मिळाली. दुसरी, हातात तांब्याचे किंवा कांशाचे जुने नाणे आले तर ते ओळखायचे कसे. आणि तिसरी, त्या नाण्याचे काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या दोन चुकल्या तर सुधारता येतात, तिसरी चुकली तर नाही.

जोगलटेंभीचा साठा

सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. गोदावरी आणि दारणा यांचा संगम तिथे होतो. १९०६ साली या गावात नाण्यांचा एक साठा मिळाला. थोडाथोडका नव्हे, १३,२५० हून जास्त चांदीची नाणी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून १९०८ च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा वृत्तांत दिला.

ही नाणी नहपान या क्षहरात क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या! आता गंमत बघा. ग्रीक अक्षरात जे लिहिले आहे ती ग्रीक भाषा नाहीच. वाचले तर येते साधारण ‘रान्निओ क्षहरातस नहपानस’. म्हणजे आपलेच प्राकृत, फक्त ग्रीक अक्षरांत. आपण मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो ना, तसलाच प्रकार. ग्रीक भाषा कळणारे लोक कमी झाले होते, पण नाण्यावर ती अक्षरे असली की नाणे भरवशाचे वाटे. म्हणून अक्षरे राहिली.

आता या साठ्यातली खरी बातमी. त्या १३,२५० पैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसऱ्यांदा ठसा मारलेला आहे. दहातली सात म्हणा ना. तो ठसा कोणाचा? गौतमीपुत्र सातकर्णीचा. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेने जोडलेली चार वर्तुळे. सातवाहनांनी नाणी वितळवली नाहीत, जुन्या नाण्यावरच आपला छाप हाणला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराच्या खालून नहपानाचे नाक डोकावते, कुठे दोन-तीन ग्रीक अक्षरे शिल्लक दिसतात.

यातून काय कळले? पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने शक, यवन, पह्लवांचा पाडाव केला आणि क्षहरातांचा वंश उरू दिला नाही, असे ती माता सांगते. पण आईने केलेली मुलाची स्तुती ती, इतिहासकार तेवढ्यावर थांबत नाही. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या लेखाला साक्ष दिली. नहपानाचा पैसा सातकर्णीच्या हाती आला होता, आणि तो त्याच्या नावाने चालू झाला होता.

क्षणभर विचार करा. सापडणाऱ्याने ती सगळी चांदी त्याच आठवड्यात आटवून टाकली असती तर? चांदीची किंमत मिळाली असती, आणि आपण आजही त्या लेखातली किती गोष्ट खरी धरायची यावर वाद घालत बसलो असतो. एकटे नाणे थोडे बोलते, साठा बराच बोलतो, आणि कुठे मिळाला ते ठाऊक असलेला साठा सगळ्यात जास्त बोलतो.

या पैशाचा व्यवहार कसा होता हेही लेण्यातच वाचायला मिळते. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव ठेवली. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. करा हिशेब, वीस बारे दोनशे चाळीस. पैन् पै जुळते! उरलेले १,००० पाऊण टक्क्याने. शिवाय ७०,००० कार्षापणांचे आणखी एक दान सांगून लेख म्हणतो, ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण, म्हणजे हे झाले २,००० सुवर्ण. लेखातले कार्षापण म्हणजे नहपानाची ही चांदीची नाणीच असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. मुदत ठेव, व्याजदर, विनिमयाचा भाव, सगळे आपल्या गावच्या दगडावर कोरलेले आहे.

चांदी फिरते, तांबे घरी राहते

आता मूळ विषयाकडे, तांब्या-कांशाच्या नाण्यांकडे. कांसे म्हणजे तांब्यात कथील मिसळलेला धातू. जुनी ग्रीक नाणी बरीचशी कांशाची, तर आपल्याकडची पुष्कळशी नुसत्या तांब्याची. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून बोलताना आपण दोन्हींना तांब्याची नाणीच म्हणतो.

चांदीच्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीची. ते कुठेही चालते. ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला एक जुना ग्रंथ आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. तो सांगतो, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी, ग्रीक अक्षरांची द्रम्मे अजून चालतात. राजे जाऊन दोनशेच्या आसपास वर्षे झाली, तरी नाणी चालूच. त्याच ग्रंथात पैठण आणि तेरहून भडोचला गाड्या भरून माल येतो असेही लिहिले आहे. ही चांदी आपल्या मुलखातून फिरली असणार हे उघड आहे.

तांब्याचे तसे नाही. तांब्याचे नाणे चालते ते काढणाऱ्या राज्याच्या शब्दावर. राज्याची हद्द संपली की ते नुसता तांब्याचा तुकडा. म्हणून तांब्याचे नाणे सहसा आपल्या मुलखाबाहेर फार जात नाही, आणि म्हणूनच ते जिथे मिळाले त्या जागेला मोल असते. चांदीचे नाणे व्यापार कुठवर होता ते सांगते, तांब्याचे नाणे रोजची भाजी-भाकरी कोणाच्या राज्यात विकत घेतली जात होती ते सांगते.

या तांब्याच्या नाण्यांनी आपल्याला आणखी एक मोठी गोष्ट दिली. ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती तेव्हा, १८३६ साली, लासेन नावाच्या जर्मन विद्वानाने अगॅथोक्लीस राजाच्या चौकोनी नाण्यावरचे ब्राह्मी नाव वाचले. एका बाजूला ग्रीकमध्ये राजाचे नाव होते, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तेच असणार. आणि निघाले ‘राजने अगथुक्लयस’. पुढच्याच वर्षी प्रिन्सेपने ब्राह्मी पुरती उलगडली. खरोष्ठीचे कुलूपही अशाच दोन लिप्यांच्या नाण्यांनी उघडले. तेव्हा कोणी ते नाणे मोडीत घातले असते तर, विचार करा.

नाणे हातात आले : काय बघायचे

आता कामाचे बोलू. क्रम लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी नाव ठरवतात, मग नाण्यात ते नाव शोधतात.

पहिले, वजन आणि माप. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हल्ली सहज मिळतो. वजन घ्या, व्यास घ्या, जाडी घ्या, वहीत लिहा. पुढे पुस्तकातल्या नाण्याशी ताडून पाहताना हेच आकडे उपयोगी पडतात.

दुसरे, आकार. भूमध्य समुद्राकडची ग्रीक नाणी गोल. भारतीय ग्रीक राजांची तांब्याची पुष्कळ नाणी चौकोनी. का? कारण त्यांच्या आधी आपल्याकडची आहत नाणी चौकोनी, लांबट असत आणि लोकांच्या हाताला तीच सवय होती. परके राजे आले, पण त्यांनी लोकांची सवय मोडली नाही.

तिसरे, उजेड. नाण्यावर वरून झगझगीत उजेड टाकला की काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने, अगदी आडवी धरा, आणि नाणे सावकाश फिरवा. झिजलेल्या अक्षराची सावली एका ठरावीक कोनातच पडते. मोबाइलने आठ दिशांनी आठ फोटो काढा. एका फोटोत न दिसणारे अक्षर दुसऱ्यात दिसते.

चौथे, चित्र. ग्रीक देव त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून ओळखायचे, जसे आपण शंख-चक्र दिसले की विष्णू म्हणतो. गदा आणि सिंहाचे कातडे म्हणजे हेराक्लीस. वज्र किंवा गरुड म्हणजे झ्यूस. तिपाई आणि बाण म्हणजे अपोलो. शिरस्त्राण घातलेली देवी किंवा घुबड म्हणजे अथीना. अपोलोडोटसच्या तांब्याच्या नाण्यावर एकीकडे बाण घेतलेला अपोलो, दुसरीकडे तिपाई. मिनँडरच्या एका छोट्या चौकोनी नाण्यावर हत्तीचे डोके, गळ्यात घंटा, आणि मागे गदा.

इथे नेहमीचा घोटाळा सांगतो. आपल्याकडे हत्तीचे नाणे मिळाले की लगेच कोणीतरी मिनँडर म्हणतो. थांबा. मिनँडरच्या नाण्यावर नुसते डोके आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर पूर्ण हत्ती असतो, बहुधा सोंड वर केलेला, भोवती ब्राह्मी अक्षरे आणि मागे उज्जैन चिन्ह. ती नाणी बरीचशी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा इथे अशा नाण्यांचा मोठा साठा मिळाला होता. काही सातवाहन नाणी नुसत्या शिशाची, हाताला जड आणि रंगाने काळपट. आणि खरे सांगायचे तर नाशिकच्या घराघरांतून तांब्याचे जे नाणे निघते ते बहुतेक वेळा शिवराई असते. देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’. त्यात निराश होण्यासारखे काय आहे? तीही आपलीच.

पाचवे, अक्षरे. ग्रीक लिपी शिकायला एक संध्याकाळ पुरते. इंग्रजी अक्षरांशी तोंडवळा जुळतो, पण काही फसवी आहेत. इंग्रजी ‘पी’सारखे दिसते ते ‘र’. दाराच्या चौकटीसारखे दिसते ते ‘प’. खालची रेघ नसलेला त्रिकोण म्हणजे ‘ल’, पूर्ण त्रिकोण म्हणजे ‘द’. इंग्रजी ‘सी’सारखी चंद्रकोर उत्तरकालीन नाण्यांवर ‘स’. इंग्रजी ‘एच’सारखे अक्षर ग्रीकमध्ये दीर्घ ‘ए’, पण नहपानाच्या नाण्यावर मात्र तेच ‘ह’ म्हणून वापरले आहे. यामागे रोमन लिपीची ओळख असावी असा एक तर्क आहे.

शब्दही थोडे शिका. ‘बॅसिलेओस’ म्हणजे राजाचे. ‘सोतेरोस’ म्हणजे त्रात्याचे. नाण्यावर नाव षष्ठीत येते, म्हणजे ‘अमक्याचे हे नाणे’. मिनँडरच्या नाण्यावर ग्रीकमध्ये ‘बॅसिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ आणि मागे खरोष्ठीत ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. त्राता हा शब्द आपण आजही वापरतो. आणि हा मिनँडर म्हणजेच मिलिंद, ज्याने नागसेन भिक्षूंना प्रश्न विचारले तो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे, परिसराला नागसेनवन म्हणतात. तुमच्या गल्लीतही एखादा मिलिंद असेलच. त्याला सांगा, तुझ्या नावाची नाणी आहेत म्हणून.

सहावे, खरे की खोटे. जुनी ग्रीक नाणी ठशाने ठोकून काढत, खोटी बहुधा साच्यात ओततात. ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ असते किंवा ती कानशीने घासलेली दिसते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके असतात. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी अगदी एकसारखी, खरचटल्याची खूणसुद्धा एकाच जागी, तर दोन्ही ठेवा आणि घरी या. एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या. सातवाहनांची पोटिनची कित्येक नाणी मुळातच ओतीव आहेत, त्यामुळे ओतलेले म्हणजे खोटे हा नियम सगळीकडे लावू नका.

चिंच-मीठ लावू नका

आपल्याकडे तांब्याची भांडी घासायची पद्धत काय? चिंच आणि मीठ, नाहीतर लिंबू. देवाची भांडी लख्ख होतात. तेच हात नाण्याला लागतात आणि दोन हजार वर्षांची गोष्ट दोन मिनिटांत पुसली जाते. तांब्यावर चढलेला हिरवा-तपकिरी थर हा मळ नाही. तो धातूचाच कवच झालेला भाग आहे, आणि कित्येकदा अक्षरे त्या थरातच टिकलेली असतात, खालच्या धातूत नसतात. थर काढला की अक्षर गेले.

मिठाचा धोका वेगळाच. मिठातले क्लोराइड तांब्यात शिरले आणि हवेतला ओलावा मिळाला की नाणे आतून पोखरायला लागते. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड वर येते, बोटाला लागते. याला तांब्याचा रोग म्हणतात. तो थांबवला नाही तर नाण्याची भुकटी होते. नाशिकच्या पावसाळ्यात हे लवकर घडते. म्हणून अशी पूड दिसली तर ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे करा, कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

एरवी मऊ ब्रशने सुटी माती झाडा, तेवढे पुरे. नाणी कडेने धरा. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकटा येतो. आम्लरहित कागदाची छोटी पाकिटे उत्तम. आणि प्रत्येक पाकिटावर चार गोष्टी लिहा : वजन, व्यास, कुठून मिळाले, कधी मिळाले. ‘कुठून’ हा रकाना रिकामा राहिला की नाण्याची अर्धी किंमत गेली, पैशातली नव्हे, ज्ञानातली.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*शेतात नांगरताना नाणी सापडली तर काय करायचे?*

आधी खणणे थांबवा. भांडे असेल तर भांड्यासकट, जसे आहे तसे राहू द्या, फोटो काढा. कायदा सांगतो तेही ऐका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. लोक घाबरून लपवतात किंवा वाटून घेतात, आणि एक अख्खा साठा चाळीस घरांत विखुरतो. तलाठ्यामार्फत कळवा, सोबत गावातली दोन माणसे ठेवा. जोगलटेंभीचे नाव आज पुस्तकात आहे ते साठा एकत्र तपासला गेला म्हणून.

*सिकंदराचे नाणे स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का?*

स्वस्तातला सिकंदर बहुतेक वेळा गेल्या वर्षीचा असतो. हा विनोद झाला, पण नियम असा : नाणे कुठून आले हे विक्रेता सांगू शकत नसेल तर घेऊ नका. ‘नाशिकच्या नदीत सापडले’ हे सांगायला काही लागत नाही. भूमध्य समुद्राकडचे एखादे कांशाचे नाणे गोदावरीत मिळाले असे कोणी म्हटले, तर तांबे घरी राहते हा आपला मुद्दा आठवा आणि दहा प्रश्न विचारा. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात, त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि आपण खासगी व्यक्ती ती देशाबाहेर पाठवू शकत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही.

*आमच्या मुलीला आवड आहे. सुरुवात कुठून करावी?*

विकत घेण्यापासून नको, बघण्यापासून करा. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० साली ती उभी केली. देशभरचे अभ्यासक जिथे येतात ती जागा आपल्यापासून एका सकाळच्या अंतरावर आहे, आणि नाशिककरांपैकी कित्येकांनी ती आतून पाहिलेली नाही. मुलीला तिथे न्या, वही-पेन्सिल द्या. एक नाणे निवडून त्याचे दोन्ही बाजूंचे चित्र काढायला सांगा. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी हाताने काढताना दिसतात. मग तिला पांडवलेण्यावर घेऊन जा, दहाव्या लेण्यातला नहपानाच्या नावाचा लेख दाखवा. नाण्यावरची ब्राह्मी अक्षरे आणि भिंतीवरची अक्षरे एकच आहेत हे तिचे तिला कळले, की पुढचे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.

पुढच्या वेळी येताना घरातली जुनी नाणी जरूर आणा. फक्त घासून आणू नका.